बेसा, ३० × ५० प्लॉट: ३८ लाखांत वर-खाली घर बसेल का? ठेकेदाराचा दर १,८५०

प्लॉटवाला_बेसा

नमस्कार मंडळी. प्लॉट नागपूरच्या बेसा बाजूला, ३० × ५० फूट. मंजूर नकाशा हातात आहे. तळमजला २५ × ३४ म्हणजे ८५० चौरस फूट, वरचा मजला ७५०, मिळून १,६००. कॉलम १२. जमीन काळी, बाजूच्या प्लॉटवर साडेसहा फुटांवर मुरूम लागला होता.

एकूण बजेट ३८ लाख: २६ लाख गृहकर्ज, १२ लाख स्वतःचे. दोन ठेकेदारांचे दर आले आहेत.

१) मटेरियलसकट १,८५० रु. चौरस फूट. १,६०० × १,८५० = २९.६० लाख. कोटेशन एका पानाचं आहे. त्यात "ब्रँडेड सिमेंट, लोहा, टाइल्स, फिटिंग" असं लिहिलं आहे.
२) नुसती मजुरी ३८० रु. चौरस फूट, माल आमचा.

पहिला धरला तर ८.४० लाख उरतात. त्यात कंपाउंड वॉल, किचन ट्रॉली आणि दोन कपाटं होतील असा अंदाज आहे. हा हिशोब कुठे चुकतोय का? आणि काम कोणत्या महिन्यात सुरू करावं?

---

मापं_आणि_बिल

चुकतोय, आणि दरात नाही. १,८५० हा दर कशावर लावणार ते त्या एका पानात कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही नकाशातले १,६०० धरले. ठेकेदार बिल करताना बहुतेक वेळा स्लॅबचं माप धरतो, बाहेरून बाहेर. तुमच्याकडे पोर्च १० × १२, बाल्कनी ४ × १२ आणि जिन्यावरची हेडरूम १० × ९ असेल असं समजू. १२० + ४८ + ९० = २५८ चौरस फूट. पूर्ण दराने ४.७७ लाख, अर्ध्या दराने २.३९ लाख. एका ओळीचा प्रश्न आहे, पण तो स्लॅब पडल्यावर विचारला तर भांडण होतं आणि आज विचारला तर करारात एक वाक्य वाढतं. पोर्च, बाल्कनी, हेडरूम अर्ध्या दराने, छज्जे आणि पॅरापेट मोजायचे नाहीत, असं लिहून घ्या. बाजारात हे चालतं.

दुसरं, हा दर जमिनीखाली किती फुटांपर्यंतचा आहे? बरेच जण पाया चार-पाच फूट धरून दर देतात. तुमच्याकडे मुरूम साडेसहा फुटांवर, म्हणजे फुटिंग (कॉलमचा खालचा रुंद पाया) सात फुटांवर जाणार. ५ × ५ चे १२ खड्डे, पाच फूट खोल घेतले तर १,५०० घनफूट, सात फूट घेतले तर २,१००. फरक सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खोदाईचा, आणि जेसीबीसाठी तो काहीच नाही. पैसे जातात ते प्रत्येक कॉलम दोन फुटांनी लांबल्यावर वाढणाऱ्या काँक्रीट-लोह्यात, भरावाच्या मुरमात आणि काळी माती उचलून नेण्यात.

आता दराबाहेर काय काय राहतं ते मांडतो. रकमा मी हिशोबापुरत्या धरल्या आहेत, तुमच्या भागातले भाव घालून पुन्हा करा.

मूळ काम २९.६०. पोर्च-बाल्कनी-हेडरूम अर्ध्या दराने २.३९, झाले ३१.९९. कंपाउंड वॉल: चारी बाजू १६० फूट, गेटचे १० वजा, १५० फूट, फुटाला १,४०० धरले तर २.१० लाख, गेट ४० हजार, ३४.४९. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, बोअर आणि मोटर २.२०, ३६.६९. जास्तीचा पाया आणि मुरूम १.२०, ३७.८९. आर्किटेक्ट, आरसीसी (कॉलम-बीम-स्लॅबचं) डिझाइन, परवानगीची चलनं, वीज मीटर, नळ मिळून १ लाख, ३८.८९. इथेच ३८ ओलांडले आणि किचन ट्रॉलीला अजून हात लागलेला नाही. हाती राखून ठेवायचे किमान २ लाख यात धरलेच नाहीत. कर्जाचं व्याजही नाही, त्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

आणि जीएसटी. ठेकेदार नोंदणीकृत असेल आणि मटेरियलसकट काम घेत असेल तर त्याच्या बिलावर १८ टक्के लागतो. २९.६० लाखांवर ५.३३ लाख. १,८५० मध्ये तो धरला आहे की वर लागणार, हे आधी विचारा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ठेकेदार त्याआधीचा हिशोब पुढे करत असेल तर दर पुन्हा मांडायला सांगा.

---

आरसीसी_नागपूर

काळ्या मातीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बेसा-बेलतरोडी-हुडकेश्वर पट्ट्यात बजेट सगळ्यात आधी इथेच फाटतं.

बाजूच्या प्लॉटवर साडेसहा फुटांवर मुरूम लागला म्हणून तुमच्याकडेही तिथेच लागेल असं धरू नका. करार करण्याआधी जेसीबी तासाच्या भाड्याने बोलवा आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आठ फुटांपर्यंत खड्डे घ्या. पिवळसर मऊ मुरूम आणि टिकाव मारल्यावर टणटणणारा मुरूम यांत फरक आहे. फुटिंग दुसऱ्यावर बसायला हवं. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला ते खड्डे डोळ्यांनी बघू द्या. या दोन खड्ड्यांवरून पायाची रक्कम जितकी नक्की होते तितकी कोणत्याही कोटेशनवरून होत नाही.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी प्यालं की ती फुगते, मेमध्ये आटून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरमावर बसलेले कॉलम सहसा हलत नाहीत. हलते ती त्यांच्यामधली फरशी. खोदलेली काळी माती पुन्हा प्लिंथमध्ये (जोत्यात) ढकलली की दोन-तीन पावसाळ्यांत हॉलच्या मध्यभागी टाइल्स उचलतात, ठोकल्यावर पोकळ वाजतात आणि दार फरशीला घासायला लागतं. मग टाइल्सवाल्याला शिव्या बसतात, पण दोष भरावाचा असतो.

म्हणून भरावाचा हिशोब वेगळा करा. ८५० चौरस फूट × अडीच फूट = २,१२५ घनफूट, म्हणजे दाबून बसल्यावर २१ ब्रास. सैल मुरूम आणायचा तो २६ ब्रासच्या आसपास. सहा ते आठ इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर. अडीच फूट एकदम ओतून वर पाणी सोडलं तर वरचे सहा इंच बसतात, खालचे पुढच्या वर्षी बसतात. प्लिंथ बीमच्या खाली काळी माती राहणार असेल तर बीम थेट तिच्यावर टेकवू नका. खाली तीन-चार इंच पोकळी किंवा रेती ठेवायची, म्हणजे फुगलेली माती बीम वर रेटत नाही. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उताराचं काँक्रीट करा. ते "नंतर बघू" म्हणून सुटतं आणि मग पावसाचं पाणी भिंतीच्या कडेनेच खाली मुरतं.

कंपाउंड वॉल सगळ्यात आधी तडकते, कारण तिला दीड फुटाचा चर आणि वर विटा एवढंच मिळतं. आठ-दहा फुटांवर छोटे कॉलम मुरमापर्यंत आणि त्यांना बांधणारा बीम, असं केलं तर फुटाचा खर्च वाढतो पण भिंत उभी राहते. पैसे नसतील तर पुढची बाजू आणि गेट आता करा, बाकी तीन बाजूंना तारेचं कुंपण चालतं.

प्लिंथची उंची आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. नागपुरात सिमेंट रोड झाले आणि जुन्या ले-आउटमधली कितीतरी घरं रस्त्याच्या खाली गेली. पाऊस पडला की पाणी रस्त्यावरून अंगणात. तुमचा रस्ता अजून डांबरी किंवा कच्चा असेल तर तो पुढे फूट-दीड फूट वर येणार असं धरून प्लिंथ ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा कमी उंचीच्या घरांत काय झालं ते सगळ्यांनी बघितलं आहे. प्लिंथचा प्रत्येक जास्तीचा अर्धा फूट म्हणजे तुमच्या मापात सव्वाचार ब्रास दाबलेला मुरूम आणि विटांचे दोन थर. एवढ्यात होतं. बांधून झाल्यावर कितीही पैसे दिले तरी प्लिंथ वर येत नाही.

---

प्लॉटवाला_बेसा

खूप उपयोगी. म्हणजे ४२ च्या घरात जातंय. मग मजुरीवर काम देऊन माल आपण घेतला तर वाचेल का? रेती, लोहा यात फसवणूक कशी पकडायची?

---

गिट्टीरेती

भाऊ, मजुरीवर दिलं तर ठेकेदाराचा मालावरचा नफा वाचते, हे खरं. पण रोज साइटवर उभं राहणारा माणूस पाहिजे. नोकरीवाला असाल अन् फक्त रविवारी जाऊन राहिले तर नका घेऊ हा ताप. सिमेंट संपलं म्हणून सहा मजूर बसून राहिले की त्या दिवशीचं नुकसान तुमचं.

कोणताही मार्ग घ्या, किती माल लागते ते स्वतःला माहीत पाहिजे. तुमच्या १,६०० फुटांना ढोबळ मानाने सिमेंट ६४० ते ७२० पोती, लोहा ५.६ ते ६.४ टन, रेती २९ ब्रास, गिट्टी २१-२२ ब्रास. पाया खोल आहे म्हणून लोह्यात वरचा आकडा धरा. विटा भिंत मोजूनच काढाव्या लागतात: तळमजल्याची बाहेरची भिंत ११८ फूट × १० फूट, दार-खिडक्यांचे २० टक्के वजा, नऊ इंची जाडी. हे झालं साधारण २० घनमीटर. २३० × ११० × ७५ मिमीची फ्लाय अॅश वीट घनमीटरला ४१० लागते, म्हणजे ८,२००. तुटफूट धरून ८,६०० मागवा.

लोहा नगावर घेऊ नका, धर्मकाट्यावर घ्या. रिकामी गाडी आधी, भरलेली नंतर, दोन्ही पावत्या. घरी ताळा करायचा तर सळाखीचा व्यास मिलीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, हे मीटरचं किलोतलं वजन. १२ मिमीची १२ मीटर सळाख १०.६७ किलो. आयएस १७८६ मध्ये (सळाखींचं भारतीय मानक) १२ अन् १६ मिमीला पाच टक्के, ८ अन् १० ला सात टक्के फरक चालते. त्याहून हलकी निघाली तर माल परत. वजनावर घेतला म्हणून पैसे बरोबर गेले, पण स्लॅबमध्ये लोहा कमीच बसला ना.

रेती. कन्हान नदीची म्हणून जे येते ते सगळं कन्हानचं नसते, पण नावापेक्षा माती बघा. काचेच्या ग्लासात अर्धी रेती, वर पाणी, हलवा अन् दोन-तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या आठ टक्क्यांवर गेला तर ती प्लास्टरला नको अन् काँक्रीटलाही नको. गाडीचं माप आतून घ्या: लांबी × रुंदी × भरलेली उंची, भागिले १००, झाले ब्रास. ओलसर रेती फुगून २५ टक्क्यांपर्यंत जास्त दिसते. म्हणजे एक ब्रासचे पैसे देऊन ८० घनफूट हाती. रॉयल्टीची पावती गाडीसोबत मागा. पावसाळ्यात घाट बंद असतात, भाव चढते. म्हणून जूनच्या आत प्लास्टरपुरती रेती साइटवर टाकून झाकून ठेवा. काँक्रीटला क्रशरची रेती चालते, फक्त त्यात पांढरी भुकटी जास्त नको.

स्लॅबच्या दिवशी बाकी काही नाही केलं तरी एक करा: रिकामी पोती मोजा. ८५० फूट पाच इंची स्लॅब म्हणजे १० घनमीटर, बीमचे चारेक, एकूण १४. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरला आठ पोती, म्हणजे ११० च्या वर लागलीच पाहिजेत. ८५ पोत्यांत स्लॅब उरकला तर बाकीची पोती कुठे गेली ते विचारा. अन् पाणी: एका पोत्याला २७ लिटरच्या वर नाही. मिक्सरवाला पाण्याचा पाइप मिक्सरच्या तोंडात सोडून बिडी ओढायला जाते, तिथे उभं राहा. पातळ मसाला पसरायला सोपा, म्हणून त्याला तसाच पाहिजे असते.

---

आरसीसी_नागपूर

महिन्यांचा प्रश्न राहिला. खोदाई दिवाळीनंतर. पावसात काळ्या मातीचे खड्डे ढासळतात, पाणी उपसण्याचे पैसे जातात आणि चिखलावर पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) पडतं. डिसेंबरअखेर प्लिंथ, फेब्रुवारीत पहिला स्लॅब, मार्चअखेर दुसरा, एप्रिल-मेमध्ये वीटकाम, जून-जुलैमध्ये आतलं प्लास्टर, रंग दसऱ्यानंतर. प्लास्टरला पावसाळ्याची ओल फुकट मिळते. तेच मेमध्ये केलं तर केसासारख्या भेगा पडतात.

स्लॅब एप्रिलच्या पुढे ढकलला गेलाच तर पहाटे सुरू करून नऊ-दहापर्यंत संपवा किंवा ऊन उतरल्यावर घ्या, आणि पृष्ठभाग पांढरट व्हायच्या आत ओलं पोतं टाका. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल पाहिजे, आणि कोरड्या उन्हात चौदा. ८५० फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाण्याचं आळं म्हणजे ४,००० लिटर, आणि उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर उडतं, म्हणजे ८०० लिटर रोजचे. हे टँकरने करायचं तर वेगळं बजेट लागतं. म्हणून बोअर शेवटी नाही, सगळ्यात आधी.

सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) काढायची घाई ठेकेदाराला असते, कारण प्लेटा दुसऱ्या साइटवर पाहिजेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा. बीमचे सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे. पीपीसी असेल तर आणखी तीन-चार दिवस धरा आणि करारात लिहा.

---

मापं_आणि_बिल

पैसे कधी द्यायचे ते लिहितो, कारण बजेट रकमेने जितकं बिघडतं तितकंच वेळेने बिघडतं.

बँक टप्पा पूर्ण झाल्यावर पैसे सोडते, आधी नाही. तिचा इंजिनिअर येऊन बघतो, रिपोर्ट देतो, मग आठ-दहा दिवसांनी रक्कम. शिवाय आधी तुमचा हिस्सा लागल्याचं तिला दिसायला हवं. म्हणजे तुमचे १२ लाख प्लिंथ आणि पहिल्या स्लॅबपर्यंत संपणार आहेत. ते "शेवटी फर्निचरला" म्हणून राखून ठेवता येत नाहीत. ठेकेदाराचे टप्पे आणि बँकेचे टप्पे एकाच भाषेत लिहा. बँक म्हणते "लिंटेल" (दार-खिडक्यांवरचा बीम), ठेकेदार म्हणतो "पहिला स्लॅब", आणि मधले तीन आठवडे काम बंद.

एक चालणारी वाटणी: करारावर ५ टक्के, प्लिंथला १५, पहिल्या स्लॅबला २०, दुसऱ्याला १८, वीटकामाला १२, प्लास्टरला १२, फरशी-नळ-वीज मिळून १०, रंग आणि ताबा ५, आणि शेवटचे ३ टक्के एक पावसाळा गेल्यावर. करारावरचे ५ सोडले तर सगळे टप्पे काम झाल्यानंतरचे. ठेकेदार करारावरच २० टक्के मागत असेल तर तुमच्या पैशांनी आधीच्या साइटचं देणं फेडतोय असं समजा.

व्याज: २६ लाख एकदम उचलले जात नाहीत, सरासरी निम्मे धरा. १३ लाख, दर ८.५ टक्के धरला, दहा महिने: ९२ हजार. वर दहा महिन्यांचं घरभाडं. हे दोन्ही आकडे ३८ मधूनच जाणार.

"ब्रँडेड" हा शब्द खोडा. त्या जागी मूळ दर लिहा: टाइल्स ५० रु. चौरस फूट मूळ किंमत, कमोड इतक्याचा, मुख्य दार इतक्याचं, एका खोलीला वीज पॉइंट इतके. दुकानात गेल्यावर ७५ ची टाइल आवडतेच. १,६०० बांधकामात फरशी साधारण १,२८०, तुटफूट धरून १,४०८ चौरस फूट; २५ रुपयांचा फरक म्हणजे ३५,२०० रुपये. मूळ दर लिहिलेला असेल तर तेवढेच जातात. नसेल तर ठेकेदार सांगेल तेवढे.

३८ मध्येच बसवायचं असेल तर वरचा मजला पुढे ढकला. पाया आणि कॉलम मात्र दोन मजल्यांच्या डिझाइनचेच. यात एक गोम आहे: नुसता तळमजला म्हटला की १,८५० दर राहणार नाही, वाढेल, कारण पाया तोच आणि तो वाटून घ्यायला चौरस फूट कमी. तरी हातावरचा ताण नऊ-दहा लाखांनी उतरतो. वर सोडलेल्या सळाखींना सिमेंटची लापशी लावून कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा. उघड्या ठेवल्या तर चार वर्षांनी गंजून बारीक झालेल्या असतात आणि नवीन सळाखी ड्रिल करून बसवाव्या लागतात.

---

कूलरपॉइंट

वीज आणि नळाच्या कोटेशनमध्ये एक गोष्ट बघा जी पुण्या-मुंबईच्या नकाशांवरून उतरवलेल्या प्लॅनमध्ये नसतेच: कूलर. प्रत्येक बेडरूम आणि हॉलला बाहेरच्या भिंतीत एक खिडकी कूलरसाठी ठरवा, तिच्या खाली लोखंडी स्टँडला आधार देणारा छज्जा, अर्ध्या इंचाची पाण्याची लाइन वॉल्वसकट, आणि सहा अँपिअरचा पॉइंट. ८० लिटर पाणी भरलेला डेझर्ट कूलर शंभर किलोच्या वर जातो. तो खिडकीच्या ग्रिलवर लटकवायची वस्तू नाही. भिंत तयार झाल्यावर हेच करायला गेलं की प्लास्टर फोडणं, उघडा पाइप आणि खिडकीतून आत येणारी वायर.

एसी पुढे घेणार असाल तर त्या खोल्यांना मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमी वायर आत्ताच ओढा. दिव्यांना दीड, साध्या प्लगला अडीच. गच्चीवरून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप सोडा. पुढे तीन किलोवॉट सोलर लावलं (पीएम सूर्यघरचं अनुदान ७८,००० आहे) तर भिंतीवरून केबल लोंबकळणार नाही. पाइप काही शे रुपयांचा.

गच्ची: विटांचा कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला उताराचा थर) आणि वर पांढरं चायना मोझेक (चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे). गळती थांबते आणि वरचा मजला मेमध्ये राहण्यासारखा राहतो. कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार टाकतो, म्हणून आरसीसीवाल्याला आधी सांगा.

---

नंदनवन_जुनं_घर

धाग्याला धरूनच विचारते. पस्तीस वर्षं जुनं घर, ५ × ७ चं एक बाथरूम नवीन करायचं आहे. मिस्त्री "सगळं मिळून" एक आकडा सांगतो, हिशोब देत नाही. त्याचा आकडा तपासायचा कसा?

---

मापं_आणि_बिल

ताई, त्याला तीन वेगळे आकडे मागा: तोडफोड आणि मलबा, नळकाम, टाइल्स मजुरी. साहित्य तुम्ही घ्या.

टाइल्स: परिमिती २४ फूट × ७ फूट उंची = १६८, दाराचे साडेसतरा वजा, १५० चौरस फूट भिंत. फरशी ३५. भिंतीला दहा टक्के तुटफूट धरून १६५. ३०० × ४५० मिमीच्या सहा टाइल्सच्या बॉक्समध्ये ८.७ चौरस फूट येतात, म्हणजे १९ बॉक्स. वर एक बॉक्स घेऊन माळ्यावर ठेवा. पुढे नळ गळून एखादी टाइल फोडावी लागली तर तो रंग बाजारात मिळत नाही.

मलबा लोक विसरतात. फरशीचा तीन इंच थर, भिंतीचं इंचभर प्लास्टर, आणि जुन्या पद्धतीचं खोल भरलेलं बाथरूम असेल तर खालची फूटभर भरती: सगळं मिळून ५६ घनफूट, फोडल्यावर फुगून ८५, जवळजवळ एक ब्रास. वरच्या मजल्यावरून घमेल्याने खाली आणायचं तर त्याची मजुरी उचलण्याच्या गाडीभाड्याहून जास्त होते.

नवीन बांधकामाला हातात दहा टक्के ठेवतात, जुन्या घराच्या कामाला वीस-पंचवीस ठेवा. कारण एकच: भिंत फोडेपर्यंत आत काय आहे ते दिसत नाही. पस्तीस वर्षांचे लोखंडी पाइप आतून गंजाने बुजलेले असतात. नवीन नळ जुन्या पाइपला जोडला की धार येत नाही, म्हणून लाइन टाकीपर्यंत बदलायची तयारी ठेवा, सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) पाइपात. भरती काढली की स्लॅबची सळाख गंजून उघडी पडलेली दिसली तर टाइल्सवाल्याला थांबवा आणि आधी इंजिनिअरला दाखवा.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचरा बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छताला हात लावून बघायचं. त्याआधी मिस्त्रीला एक टाइलही चिकटवू देऊ नका.